विहिरीतलं डिझेल

ती विहीर आजही डोळ्यांपुढून हलत नाही, आणि तिचा वास तर नाकातच घर करून बसला आहे. निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, "साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कुठली?" त्यांना खून ऐकायचे असतात, दरोडे ऐकायचे असतात. मी विहिरीचं नाव काढलं की निम्मे लोक घड्याळाकडे बघायला लागतात. बघू देत. माझ्या नोकरीत ज्या तपासाच्या शेवटी मी छातीभर मोकळा श्वास घेतला, तो हाच तपास.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. कळंबच्या बाजूचा टापू, एवढं पुरे. नवे फौजदारी कायदे नुकतेच लागू झाले होते. जुनी कलमं आमच्या तोंडात होती आणि नवी भिंतीवरच्या तक्त्यात. फिर्याद लिहिताना ठाणे अंमलदार चार वेळा उठून तक्ता बघून यायचा आणि परत बसताना कायदे करणाऱ्यांचा उद्धार करायचा.

थंडीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताची वाटणी करत होतो, तेवढ्यात आवारात एक जीप थांबली. एक वयस्कर शेतकरी उतरला आणि त्याच्यामागे भावकीतली पाच-सहा माणसं. सगळे त्याला तात्या म्हणत होते, म्हणून मीही तात्याच म्हणतो.

"सायेब, माझ्या इहिरीत डिझेल वतलंय," तात्या म्हणाले. "आमची मंडळी वास कळायच्या आदीच त्ये पाणी प्याली. दवाखान्यात हाय."

"कुणी ओतलं?"

तात्यांनी मान खाली घातली. मागची माणसं मात्र एकदम सुरू झाली. "कोण म्हंजे काय सायेब, पुतण्याच की!" "त्याला उचला, दोन तासांत पोपटासारखा बोलतोय बगा." "साधंसुधं कलम न्हाय, इखाचं कलम लावा!"

तक्रार द्यायला माणूस एकटा आला तर ती तक्रार त्याची असते. गर्दी घेऊन आला तर त्यातली निम्मी गर्दीची असते. मी सगळ्यांना चहाच्या टपरीवर पिटाळलं, दार लोटलं आणि म्हणालो, "तात्या, आता तुम्ही बोला."

तात्या बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग सांगू लागले. धाकटा भाऊ तरुणपणीच गेला. त्याचा मुलगा तात्यांनी आणि त्यांच्या बायकोनं पोटच्या पोरासारखा वाढवला. शिकवला. आता तो बारामतीला एका कारखान्यात कामाला होता आणि कन्हेरीच्या बाजूला खोली घेऊन राहायचा. कालव्याला पाणी सुटलं की तेवढ्यापुरती रजा काढून यायचा आणि ऊस भिजवायला तात्यांच्या बरोबरीनं उभा राहायचा. सगळं छान चाललं होतं. पण दिवाळीत पाण्याला आला तेव्हा त्यानं जमिनीची वाटणी मागितली.

"वाटणी मागितली म्हणून विहिरीत डिझेल ओतलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"सायेब, त्यो आला की इहिरीला वास येतुया, त्यो गेला की वास जातुया. मागच्या पाण्यालाबी असंच झालं. आन मोटारीच्या खोलीत डिझेलचा कॅन घावलाय. त्याचाच हाय." तात्यांचा आवाज चिरकला. "लिवा त्याचं नाव. लिवा."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

आमच्याकडे कालव्याचं पाणी बारमाही नसतं, ठरावीक काळानं सोडतात. त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन आलं की गावात लगीनघाई असते. शहरात नोकरी करणारी मुलंसुद्धा घरी येतात, कारण आपली पाळी चुकली तर ऊस वाळतो. तेव्हा पुतण्याचं येणं आणि विहिरीचा वास यांचा मेळ बसत होता, कॅन सापडला होता, वाटणीचं कारणही होतं. कागदावर पाहिलं तर केस तयार होती.

"तात्या, त्याला ओतताना तुम्ही पाहिलंत?"

"न्हाय."

"दुसऱ्या कुणी?"

"न्हाय."

मग मी गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल करून घेतला आणि पुतण्याचं नाव जबाबात संशयित म्हणून घातलं. टपरीवरून परतलेली भावकी माझ्यावर भडकली. मला भडकलेल्या भावकीची सवय होती.

दुपारी पंचनाम्याला गेलो. विहीर जुनी, दगडी बांधणीची. आवर्तन चालू असल्यामुळे पाणी पार वरपर्यंत चढलं होतं आणि त्यावर रंगीत तवंग पसरला होता. काठावर उभं राहवत नव्हतं. आमचे हवालदार, तंबाखूचे मोठे शौकीन, नाक वर करून म्हणाले, "साहेब, हे डिझेलच. आपल्या सरकारी जीपमध्ये टाकतात त्यापेक्षा चांगलं दिसतंय." पंच हसले. मी डोळे वटारले, पण हवालदारांचं नाक खोटं बोलत नव्हतं. पाण्याचे नमुने बाटल्यांत भरले, लाखेनं सील केले, पंचांच्या सह्या घेतल्या आणि प्रयोगशाळेकडे रवाना केले. कॅनही जप्त केला.

तिथून इंदापूरच्या दवाखान्यात गेलो. तात्यांच्या पत्नीला उलट्या होऊन अशक्तपणा आला होता. डॉक्टर म्हणाले धोका टळलाय, दोन दिवसांत घरी सोडतो. ऐकून बरं वाटलं. तिचा जबाब घ्यायला बसलो, तर ती माझ्या आधीच बोलली.

"माझ्या पोरानं केलं न्हाय. आदी त्येवढं लिवा."

"काकी, तुम्ही काही पाहिलंय का? त्या दिवशी तो कुठं होता वगैरे?"

"म्या त्याला घास भरवलाय सायेब. आजून काय बगायचं ऱ्हातंय?"

असल्या पुराव्याला कायद्यात रकाना नाही. तरी मी ते वाक्य तिच्या शब्दांत जसंच्या तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला बोलावलं. तो पाण्याच्या पाळीसाठी अजून गावातच होता, स्वतःहून बसनं आला. त्याला पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या नावाचा एक कागद माझ्या टेबलावर आधीच पडून होता. जिल्हा परिषदेत त्याची निवड झाली होती आणि नेमणुकीआधीची चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्याकडे आली होती. मी त्याला अटक केली की ती नोकरी गेली, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. त्यालाही ते माहीत होतं.

मी चौकशीत आरडाओरडा करत नाही. माणसाला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, की तो मार खायची जी तयारी करून आलेला असतो ती वाया जाते. मग तो बोलतो.

"वाटणी मागितलीस?"

"मागितली साहेब. लग्न करायचंय, स्वतःचं घर बांधायचंय. मागितली, त्यात चोरी काय?"

"कॅन तुझा?"

"माझाच. गावातला पेट्रोल पंप बंद झालाय. ट्रॅक्टरला डिझेल लागतं म्हणून येताना बारामतीवरनं भरून आणतो. तात्यांनीच सांगितलेलं हाय."

"मग विहिरीत कसं गेलं?"

तो एकदम उसळला. "साहेब, मी वाटणी मागितली न्हवं? मग निम्मी इहीर माझीबी झाली. माझ्याच इहिरीत मी डिझेल कशाला वतू? पुढं माझाबी ऊस त्याच पाण्यावर यायचाय!"

मी चहाचा कप खाली ठेवला. गुन्हेगार माणूस 'मी नव्हतोच' म्हणतो, 'आईशप्पथ' म्हणतो, पाया पडतो. आपल्या नफ्यातोट्याचा असा रोखठोक हिशोब मांडून भांडत नाही.

"आता नीट आठवून सांग. तू गावाला कधी कधी गेलास?"

"कधी म्हणजे? पाणी सुटल्यावरच. एरवी रजा कोण देतंय?"

माझ्या डोक्यात तिथं काहीतरी हललं. तात्या म्हणत होते, पुतण्या येतो तेव्हा वास येतो. पण पुतण्या एकटा येत नव्हता. त्याच्याबरोबर कालव्याचं पाणीही येत होतं. दोघं एकदमच गावात शिरत असतील, तर आपण एकाचंच मानगूट का धरायचं?

पोराला मी घरी सोडलं. ही बातमी गावात पोचायच्या आत एका पुढाऱ्याचा फोन आला. "काय साहेब, इखाची केस आणि आरोपी मोकळा? उचला की त्याला, लोकांची मागणी आहे." मी म्हणालो, "लोकांची मागणी मी लिहून घेतलीय." त्यावर त्यांनी माझ्या बदलीविषयी एक प्रेमळ इशारा दिला.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाण्यात डिझेल आहे. म्हणजे हवालदारांच्या नाकानं आधीच सांगितलं होतं ते. ते कुणी टाकलं, हे प्रयोगशाळेला कसं कळणार? तोवर आवर्तन संपलं, विहिरीचं पाणी खाली गेलं, वासही गेला. भावकी म्हणू लागली, बघा, पोलिसांची भीती बसली म्हणून थांबला.

मग एक दिवस ठाण्याच्या फोनवर खबर आली. माणूस नाव सांगेना, मलाच बोलायचं म्हणाला. मी रिसीव्हर घेतला.

"सायेब, त्या पोराला हात लावू नगा. बंद पडलेल्या पंपाच्या टाक्या खरंच निघाल्यात का, त्येवढं बगा."

फोन ठेवला गेला. नंबर काढणं अवघड नव्हतं. पण खबर देणाऱ्याच्याच मागे लागलं की दुसऱ्यांदा खबर येत नाही. मी तो नाद सोडला आणि जीप काढायला सांगितली.

तो पेट्रोल पंप मी जाता-येता पाहिला होता. रस्ता वळवला गेल्यावर गिऱ्हाईक तुटलं आणि पंप बंद पडला, त्यालाही बरीच वर्षं झाली होती. आता त्या आवारात मालकाचं जेवणाचं हॉटेल होतं. जमिनीवर पेव्हिंग ब्लॉक, कोपऱ्यात पत्र्याच्या छपराखाली शेंदूर लावलेला म्हसोबा, त्याच्यापुढं ताजा नारळ. मी आवाराच्या कडेला उभा राहून बघितलं. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला उतारावर तात्यांची विहीर, आणि हे आवार बरोबर दोन्हींच्या मध्ये.

मालक हात जोडून पुढं आला. मिठ्ठास माणूस. ताक मागवलं.

"टाक्या? काढल्या की साहेब. तिन्ही काढल्या. भंगारात घातल्या."

"काही त्रास झाला का काढताना?"

"छे छे. काढल्या, गेल्या."

हे ऐकूनच मला शंका आली. खरं काम केलेला माणूस आधी कटकटी सांगतो. क्रेन वेळेवर आली नाही, खड्ड्याला पाणी लागलं, मुरूम कमी पडला, कामगार पळून गेले. माझ्या मेहुण्यानं गच्चीवरची पाण्याची टाकी खाली उतरवली, तर घरातल्या प्रत्येक लग्नात तो तीच कथा सांगतो. आणि हा माणूस घराएवढ्या लोखंडी टाक्या जमिनीतून उपटल्याचं दोन शब्दांत सांगून मोकळा होत होता.

पण शंकेवर कुणाचं आवार उकरता येत नाही. तहसीलदारांशी बोललो, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांशी बोललो. माणसं चांगली होती. पण त्यांचं म्हणणं एकच: विहिरीत कुणी ओतलेलं नाही, जमिनीतून येतंय, एवढं तरी आधी दाखवा. रास्त होतं.

मग मी एक बेत केला. तात्यांना आणि पुतण्याला वेगवेगळं बोलावून समजावलं. उन्हाळी आवर्तन येईल तेव्हा पुतण्यानं गावाकडं फिरकायचं नाही. बारामतीलाच राहायचं आणि कामावर जाण्याआधी व परतल्यावर तिथल्या ठाण्यात हजेरी द्यायची. इकडं मोटारीच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडं. विहिरीवर आमचा माणूस आणि स्वतः तात्या.

पुतण्या म्हणाला, "साहेब, आणि मी नसताना पाणी चांगलं निघालं तर?"

"तर तू अडकलास."

त्यानं खुर्ची पुढं सरकवली. मग म्हणाला, "ठेवा हजेरी."

तात्यांना म्हणालो, "वास आला नाही तर मी त्याला अटक करतो. आला तर त्यानं केलेलं नाही. कबूल?"

"कबूल," तात्या म्हणाले. मग दारातून परत वळून आले. "सायेब, म्या देवाला काय मागू आता?"

मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आवर्तन सुटलं. पहिले काही दिवस काहीच नाही. विहीर हळूहळू चढत होती आणि पाणी स्वच्छ. हवालदार रोज फोन करून सांगायचे, "साहेब, निवळशंख आहे." एरवी ती आनंदाची बातमी ठरली असती. माझं जेवण कमी झालं, बायकोनं दोनदा विचारलं काय झालंय. पडताळणीचा कागद टेबलावर तसाच होता आणि नेमणुकीची मुदत जवळ येत होती. वरिष्ठांनी विचारलं, "एका विहिरीपायी किती दिवस घालवणार?" मी म्हणालो, "हे आवर्तन संपेपर्यंत, सर."

आणि मग एका सकाळी, हजेरी चालू असतानाच, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून तात्या आले. पायांत चपला नाहीत, डोक्यावर टोपी नाही. गाडी थांबायच्या आत उतरले ते जवळजवळ पडलेच.

"सायेब! वास आला! इहिरीला वास आला वो सायेब!"

रांगेतले शिपाई बघतच राहिले. म्हातारा हसत होता आणि त्याच वेळी त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यानं ठाणे अंमलदाराला मिठी मारली, मला मारली, वाटेत आलेल्या एका शिपायालाही मारली. ठाणे अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, दवाखान्यात न्यायचं का यांना?"

मी आत जाऊन बारामतीला फोन लावला. पुतण्यानं आदल्या संध्याकाळी हजेरी दिली होती आणि त्या सकाळीही दिली होती. मधल्या वेळात तो कारखान्यात रात्रपाळीवर होता. बाहेर येऊन तात्यांना सांगितलं. तात्या पायरीवरच बसले.

"माझ्या पोरानं केलं न्हाय," ते म्हणाले. तपास सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याला नुसतं 'त्यो' न म्हणता पोर म्हटलं.

"अहो तात्या, तुमची विहीर पार बाद झालीय आणि तुम्ही हसताय!"

"इहीर काय सायेब, दुसरी पाडीन. पोरगं कुठनं आणलं आसतं?"

मी हवालदारांवर उगाचच ओरडलो आणि जीप काढायला सांगितली.

पंपाच्या आवारात या वेळी मी बसलो नाही. मालकाला घेऊन फिरत राहिलो. टँकर रिकामा करायची तोंडं कुठं होती, पहिली टाकी कुठं, दुसरी कुठं, असं विचारत पावलं टाकत गेलो. तो दाखवत गेला. टाक्या एका रांगेत, शेजारी शेजारी होत्या. दुसऱ्या टाकीची जागा ओलांडून पुढं गेलो तर समोर म्हसोबा.

मी बूट काढून नमस्कार केला आणि सहज विचारल्यासारखं म्हणालो, "टाक्या काढताना देवाला हलवलं असेल ना?"

"नाही हो!" मालक एकदम म्हणाला. "म्हसोबाला हात कोण लावणार साहेब? पंप सुरू झाला त्या दिवशी आईनं बसवला, तेव्हापासून हा इथंच आहे."

"म्हणजे देव कधीच हलला नाही."

"कधीच नाही."

"मग त्याच्या खालची तिसरी टाकी कुठून काढलीत?"

मालकाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. अशा वेळी पोलिसानं बोलू नये. शेवटी तो हॉटेलच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "आई होती तेव्हा माझी. म्हणाली, देवाला हलवलंस तर या घरात पाय ठेवू नकोस. जेसीबीवाल्यानंही हात वर केले. दोन काढल्या, ती राहिली. वरनं ब्लॉक बसवले. तळाला थोडंफार डिझेल होतं, पण ते उपसून निघत नव्हतं. साहेब, मला वाटलं, बंद टाकी आहे, कुणाचं काय खातेय!"

"आणि कागदावर तिन्ही काढल्याचं लिहून दिलंत."

त्यानं मान हलवली. लबाडी केली होती, यात शंका नाही, आणि पुढं त्याच्यावर रीतसर दोषारोपपत्रही गेलं. पण तो काही हरामखोर माणूस नव्हता. कायद्यापेक्षा देवाला भ्यायचा, आणि दोघांपेक्षाही आईला.

आता आवार उकरायला आधार मिळाला. तहसीलदार आले, मंडळाचे अधिकारी आले, इंदापूरहून अग्निशमनचा बंब आला. आवाराभोवती दोरी बांधली, विडी-काडी बंद केली. हवालदारांनी नाइलाजानं चुन्याची डबीसुद्धा खिशात घातली, जणू तिच्यानंही भडका उडणार होता. सगळी तयारी झाली आणि काम अडलं ते नेमकं म्हसोबापाशी. देव हलवायला कुणी पुढं येईना. भावकीतली तीच माणसं, 'उचला, उचला' म्हणणारी, आता दोरीच्या बाहेर हाताची घडी घालून उभी. मला पोलीस खात्यानं पुष्कळ अधिकार दिले होते, पण हा दिला नव्हता.

गर्दीतून तात्या पुढं झाले. त्यांनी नारळ फोडला, हात जोडले आणि शेजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाले, "देवा, तुझ्या बुडाखाली घाण साचलीया. त्या घाणीनं माझ्या घरात इख कालवलं. आता ऊठ. तुला त्या चिंचंखाली नीट ओटा बांधून बसवतो."

आणि खाली वाकून त्यांनी दगडाला हात घातला. दगड जड होता. एकट्या म्हाताऱ्याला हलेना. त्यांनी पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा ताणल्या. तेव्हा दोरीखालून वाकून पुतण्या आत आला. बारामतीहून त्या सकाळीच आला होता आणि इतका वेळ लांब उभा होता. त्यानं काही न बोलता समोरच्या बाजूनं दगड धरला.

दोघांनी मिळून देव उचलला. चिंचेखाली नेऊन ठेवला. ठेवल्यावरही तात्यांनी हात काढला नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "लई चुकलं रं."

"मला लई लागलं तात्या," पुतण्या म्हणाला. "आजून राग हाय. खोटं न्हाय बोलत."

"आसूदे. असणारच की."

"काकीनं जेवाय बोलावलंय," तो म्हणाला. "तुमीबी चला. ती वाट बगतीया." बोलता बोलता त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

इकडं जेसीबी सुरू झाला होता. चालकानं काच खाली करून मला सलाम ठोकला आणि म्हणाला, "सायेब, देव हलला. आता मला कशाचं भ्याव न्हाय." तो आवाज मी फोनवर ऐकला होता; तिसऱ्या टाकीपाशी हात वर करणारा जेसीबीवाला हाच. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

टाकी निघाली. गंजून ठिकठिकाणी भोकं पडलेली. मंडळाच्या अधिकाऱ्यांनी समजावलं ते सोपं होतं: डिझेल पाण्यापेक्षा हलकं. कालव्याला पाणी सुटलं की जमिनीतलं पाणी चढायचं, भोकांतून टाकीत शिरायचं आणि तळाचं डिझेल उचलून वरच्या भोकांतून बाहेर काढायचं. मग ते उतारानं थेट तात्यांच्या विहिरीत. कालवा बंद झाला की पाणी खाली आणि वासही खाली. आजूबाजूची काळी पडलेली माती खणून झाकलेल्या गाड्यांतून विल्हेवाटीला नेली, विहीर पुन्हा पुन्हा उपसली, आणि खर्च मालकाच्या अंगावर पडला. पुढच्या आवर्तनांना वास कमी कमी होत गेला. शेवटी मंडळानं शेतीपुरतं पाणी वापरायला हरकत नाही म्हणून कळवलं. प्यायला आता घरात नळाचं पाणी आलंय.

पडताळणीच्या कागदावर मी 'प्रतिकूल काही आढळले नाही' असं लिहून सही केली. पोरगा मुदतीत हजर झाला. वाटणीही रीतसर झाली. विहीर दोघांची राहिली.

या केसनं मला काय शिकवलं, असं एका शाळेत व्याख्यानाला गेलो असताना एकानं विचारलं. तिथं मी काहीतरी बरं बोललो असेन. खरं उत्तर सांगायला मात्र मला भीती वाटते. पहिल्याच दिवशी, सगळे म्हणत होते तसा, मी त्या पोराला आत टाकला असता तर काय झालं असतं? थोड्याच दिवसांत आवर्तन संपलं असतं. विहिरीचा वास आपोआप गेला असता. गाव म्हणालं असतं, बघा, साहेबांनी उचलला आणि पाणी शुद्ध झालं. तात्यांनी ते मानलं असतं. काकीनं मानलं नसतं, पण तिचं कोण ऐकणार? आणि मी स्वतः, एक सोपी केस उलगडल्याच्या समाधानात, हार घालून घेऊन निवृत्त झालो असतो.

हा विचार आला की आजही मी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून बसून राहतो. मग आठवतं, तसं झालं नाही. ते पोरगं नोकरीवर आहे, रविवारी गावी जातं, आणि काकी त्याला वाढते. मी उठून घोटभर पाणी पितो आणि बरं वाटतं.